खोटा रिव्ह्यू आला तर काय करायचं? नव्या ॲपवाल्यांसाठी

रात्री साडेदहाला फोनवर सूचना आली. नवा रिव्ह्यू, एक तारा.

"दोन महिन्याचे खाडे गायब. पैसे खाऊन डाटा उडवला. चोर ॲप आहे, कोणी घेऊ नका."

माझं ॲप दुधाच्या रतिबाचा हिशोब ठेवतं. रोजचे लिटर, खाडे, महिनाअखेरचं बिल, बस. ॲप फुकट आहे, खाली जाहिरातीची एक पट्टी असते. पैसे घ्यायची सोयच त्यात नाही, तर खाणार कुठून? पहिल्या पाच मिनिटांत मी जे उत्तर टाइप केलं ते इथे छापण्यासारखं नाही. पाठवण्याआधी बायकोने ते वाचलं आणि विचारलं, "गवळ्याशी भांडायला बसलायस का?" तेवढ्यावर ते पुसलं.

ज्यांचं पहिलं ॲप नुकतंच स्टोअरवर चढलंय त्यांच्यासाठी हा लेख. आपल्यापैकी बहुतेकांची सुरुवात गूगल प्लेवरूनच होते, म्हणून मुख्य बोलणं त्याचंच. ॲपलचं जिथे वेगळं आहे तिथे सांगतो.

१. उत्तराला उशीर चालेल, नोंदीला नाही

रिव्ह्यू लिहिणारा तो कधीही बदलू शकतो किंवा काढून टाकू शकतो. म्हणून पहिलं काम स्क्रीनशॉटचं. प्ले कन्सोलमध्ये (गूगल प्लेवरचं आपलं ॲप सांभाळायची जागा) रिव्ह्यूच्या पानावर मजकुराबरोबर बरंच काही दिसतं: फोनचं मॉडेल, अँड्रॉइडची आवृत्ती, तुमच्या ॲपची कोणती आवृत्ती, भाषा, तारीख. हे सगळं एका साध्या शीटमध्ये उतरवून ठेवा. मी सहा रकाने ठेवतो आणि सातवा "माझा पहिला अंदाज" म्हणून. महिन्याने तो सातवा रकाना वाचला की आपला अंदाज किती वेळा चुकला ते कळतं. माझा बराच चुकलाय.

उत्तर मात्र दुसऱ्या दिवशी, चहा झाल्यावर.

२. खोटा म्हणजे नक्की कसा खोटा?

इथे घाई करू नका, कारण पुढचं सगळं यावर अवलंबून आहे. "खोटा रिव्ह्यू" म्हणून आपण जे बोट दाखवतो त्यात चार-पाच वेगळ्या गोष्टी एकत्र कोंबलेल्या असतात.

सगळ्यात जास्त आढळतो तो खोटा वाटणारा पण खरा. माझ्या ॲपमध्ये सकाळी सहाला "आजचं दूध नोंदवा" अशी आठवण येते. मध्यंतरी "आठवण येतच नाही, फसवं ॲप" असे रिव्ह्यू यायला लागले. माझ्या फोनवर रोज येत होती, त्यामुळे कोणीतरी मुद्दाम करतंय असं मला वाटलं. शीटमधले फोन आणि आवृत्त्या शेजारी शेजारी ठेवल्या तेव्हा दोन गठ्ठे पडले. एकात सगळे फोन बॅटरी वाचवण्याच्या नावाखाली मागे चालणारी ॲप्स बंद पाडणारे. दुसऱ्यात सगळे अँड्रॉइड १३ किंवा त्यापुढचे. २०२२ मध्ये आलेल्या १३ पासून सूचना दाखवायला वापरणाऱ्याची परवानगी घ्यावी लागते. १४ मध्ये नव्याने घेतलेल्या बहुतेक ॲप्सना ठरल्या मिनिटाला गजर वाजवण्याची मुभाही आपोआप मिळत नाही. मी परवानगी मागत होतो खरी, पण ॲप उघडल्याउघडल्या, काही कारण न सांगता. लोक "नको" दाबून मोकळे होत होते. म्हणजे लिहिणाऱ्याच्या बाजूने प्रत्येक शब्द खरा होता.

दुसरा प्रकार अर्धा खरा. खाड्यांवाला यातलाच. पैसे खाल्ले हे खोटं. खाडे गेले हे खरं. त्याने फोन बदलला होता. माझ्या ॲपची सगळी नोंद फोनमध्येच राहते आणि बॅकअप स्वतः घ्यावा लागतो. हे मी सांगितलं होतं कुठे? सेटिंगमध्ये, खालून दुसऱ्या ओळीत. गवळी सेटिंग उघडत नाही.

तिसरा चुकीच्या दारावर आलेला. "ओटीपी येत नाही" असा रिव्ह्यू मला येतो, आणि माझ्या ॲपमध्ये लॉगिनच नाही! बहुधा मिळत्याजुळत्या नावाचं दुसरं ॲप असतं. आपल्याकडे याचं मोठं उदाहरण एप्रिल २०१७ चं. स्नॅपचॅटच्या प्रमुखाने "हे ॲप भारतासारख्या गरीब देशांसाठी नाही" असं म्हटल्याचा आरोप एका माजी कर्मचाऱ्याने केला. कंपनीने तो नाकारला, पण तोवर लोक भडकले होते. ते एक तारा द्यायला धावले आणि बऱ्याच जणांनी तो देऊन टाकला स्नॅपडीलला. नावात "स्नॅप" होतं, एवढाच बिचाऱ्यांचा गुन्हा.

चौथा प्रकार खरोखर रचलेला: प्रतिस्पर्ध्याने लिहवून घेतलेला, विकत घेतलेला, किंवा जुन्या भांडणाचा. याच्या खुणा अशा: एकाच दिवशी वेगवेगळ्या नावांनी तेच वाक्य, तुमच्या ॲपमध्ये नसलेल्या गोष्टीची तक्रार आणि शेवटी दुसऱ्या ॲपचं नाव, महिनोन्महिने शांतता असताना अचानक दहा रिव्ह्यू. यातली एकच खूण दिसली तर निष्कर्ष काढू नका. गावातल्या एका दूध डेअरीवर सगळ्यांनी एकाच दिवशी ॲप घेतलं आणि एकाच दिवशी ते बंद पडलं, तरी दहा सारखे रिव्ह्यू येतात.

३. तक्रार कशाची होते, कशाची नाही

नवख्यांची मोठी निराशा इथे होते, म्हणून स्पष्टच सांगतो. रिव्ह्यूतली माहिती खोटी आहे, एवढ्यावर स्टोअर तो काढत नाही. त्याने पैसे दिले की नाही, खाडे कोणी उडवले, याचा निवाडा करायला तिथे कोणी बसलेलं नाही. स्टोअर पाहतं ते आपले नियम मोडले का एवढंच.

नियम मोडणारे म्हणजे शिवीगाळ, द्वेषाचा मजकूर, स्पॅम, जाहिरात, कोणाचा फोन नंबर किंवा खासगी माहिती, ॲपशी संबंध नसलेलं राजकारण, पैसे घेऊन लिहिलेलं, हितसंबंधातून लिहिलेलं. यात बसत असेल तर प्ले कन्सोलमधून तो रिव्ह्यू फ्लॅग करा, म्हणजे त्याची तक्रार नोंदवा. ॲपलच्या ॲप स्टोअर कनेक्टमध्येही प्रत्येक रिव्ह्यूजवळ अशी तक्रारीची सोय आहे.

"चोर ॲप" ही शिवी धरायची का? मी धरत नाही. बाजारात याहून वाईट ऐकून घ्यावं लागतं.

फ्लॅग करताना कोणता नियम मोडला ते मनाशी पक्कं ठरवा. न आवडलेला प्रत्येक रिव्ह्यू फ्लॅग करत सुटणं म्हणजे नुसता वेळ घालवणं. आणि फ्लॅग केला तरी खालचं चौथं काम करायचंच, कारण निर्णय होईपर्यंत तो रिव्ह्यू तिथेच असतो आणि लोक तो वाचत असतात.

४. उत्तर: लिहिणाऱ्याला उद्देशून, पण तिसऱ्यासाठी

गूगल प्लेवर एका रिव्ह्यूला एकच जाहीर उत्तर देता येतं. ते नंतर बदलता येतं. मर्यादा ३५० अक्षरांची. मराठीत ती वाटते त्याहून लवकर संपते, कारण युनिकोडमध्ये (संगणक अक्षरं साठवतो ती पद्धत) काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, जोडाक्षरातलं हलंत असं सगळं सुटं मोजलं जातं. "स्पष्ट" हा दोन अक्षरांचा शब्द तिथे सहा जागा खातो. ॲपलकडे मर्यादा बरीच मोठी आहे, पण उत्तर दिसायला २४ तासांपर्यंत वेळ लागू शकतो. ॲपलवर ही उत्तराची सोय आली २०१७ मध्ये. त्याआधी नुसतं वाचत बसावं लागायचं.

तुम्ही उत्तर दिलं की लिहिणाऱ्याला तशी सूचना जाते आणि तो आपले तारे बदलू शकतो. पण तो ते उत्तर वाचेलच याची खात्री नाही. ते वाचणारा दुसराच कोणी असतो: ॲप घ्यावं की नाही या विचारात असलेला, एक ताऱ्याचे रिव्ह्यू मुद्दाम उघडून बघणारा माणूस. (मी स्वतः मिक्सर घेतानासुद्धा हेच करतो.) त्याला तुमची बाजू किती खरी आहे यात फारसा रस नसतो. उद्या आपला हिशोब गेला तर हा माणूस फोन उचलेल का, एवढंच तो पाहत असतो.

माझं पुसलेलं उत्तर साधारण असं होतं, सौम्य करून: "ॲप मोफत आहे, आधी नीट वाचा. बॅकअप घेणं ही तुमची जबाबदारी. विनाकारण बदनामी करू नका." प्रत्येक वाक्य खरं आहे. आणि ते वाचून मी स्वतःसुद्धा हे ॲप घेतलं नसतं.

दुसऱ्या दिवशी गेलेलं उत्तर असं:

"नमस्कार. नवीन फोनवर ॲप घेतलं की जुन्या फोनवरचे खाडे आपोआप येत नाहीत, हे आम्ही आधी स्पष्ट सांगायला हवं होतं. जुना फोन जवळ असेल तर सेटिंगमधून बॅकअप घेऊन इकडे आणता येतो. ॲप मोफत आहे, पैसे घेतले जात नाहीत. अडलं तर ॲपमधल्या 'मदत'वरून लिहा."

३५० च्या आत आरामात बसतं. क्रम बघा. आधी त्याची खरी अडचण, आपली चूक जेवढी आहे तेवढीच कबूल, मग उपाय, आणि खोट्या आरोपाला एकच कोरडं वाक्य, तेही मध्ये दडवून. आरोपाने सुरुवात केली की उत्तर कोर्टातल्या कैफियतीसारखं वाटायला लागतं. शेवटच्या वाक्याचं कारण असं की पुढची चर्चा चारचौघांत नको.

बाकी काही बारीक गोष्टी. तो मराठीत लिहितो तर उत्तर मराठीत. रोमन लिपीतली मराठी असली तरी मी देवनागरीत देतो, अजून कोणी कुरकुर केलेली नाही. "तुमच्या समस्येबद्दल आम्ही दिलगीर आहोत" हे तयार वाक्य वीस ठिकाणी चिकटवू नका. खाली सरकवत जाणाऱ्याला ते ओळीने दिसतं. त्याचं नाव, नंबर, ऑर्डर क्रमांक, काहीही उत्तरात लिहू नका, तुम्हाला माहीत असलं तरी. आणि "पाच तारे दिलेत तर पैसे परत करतो" हे तर बिलकूलच नाही. पैसे परत करायचे असतील तर गुपचूप करा. आमिष दाखवून रेटिंग मिळवणं प्लेच्या धोरणात बसत नाही, आणि असं आमिष दाखवणारं जाहीर उत्तर म्हणजे स्वतःच्या सहीने दिलेला पुरावा.

चुकीच्या दारावर आलेल्याला: "आमच्या ॲपमध्ये लॉगिन किंवा ओटीपी नाही. बहुधा मिळत्या नावाचं दुसरं ॲप असेल, एकदा चिन्ह तपासून पाहाल का?" इतकं पुरे. टोमणा नको. यातले काही जण चूक कळल्यावर रिव्ह्यू काढतात.

रचलेल्या रिव्ह्यूला मी एकदाच, दोन ओळींत, नुसती वस्तुस्थिती लिहितो आणि फ्लॅग करतो. "तुम्ही अमक्याची माणसं आहात" असं जाहीरपणे कधीच लिहीत नाही. सिद्ध कुठून करणार?

आणि हो, दुरुस्ती केली की जुन्या उत्तरात बदल करायला विसरू नका. "आवृत्ती २.४ मध्ये परवानगीचं पान सुधारलं आहे" एवढी ओळ टाकली की आठवणीच्या तक्रारी केलेल्यांपैकी काही जण परत येतात.

५. झुंड आली तर

२०२० च्या मे महिन्यात भारतात टिकटॉकचं रेटिंग साडेचारच्या आसपासून काही दिवसांत १.२ पर्यंत कोसळलं होतं. त्यानंतर गूगलने लाखो रिव्ह्यू हटवले. तुमच्यामाझ्यावर अशी लाट येणार नाही. पण एखाद्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कोणी "हे ॲप बंद पाडा" म्हटलं तर पन्नासही पुरतात. अशा वेळी एकेकाशी झुंजू नका. ज्या संदेशामुळे हे सुरू झालं त्याचा स्क्रीनशॉट, पहिल्या रिव्ह्यूची वेळ, सारखी वाक्यं, असं सगळं एकत्र करून डेव्हलपर सपोर्टला एकदाच सविस्तर कळवा. उत्तरं फक्त ज्यात खरा प्रश्न आहे त्यांनाच.

६. "रिव्ह्यू काढून देतो, पाच हजार द्या"

रिव्ह्यूपाठोपाठ असा मेल आला तर तो रिव्ह्यूचा प्रश्न राहत नाही. धमकी देऊन पैसे मागणं ही खंडणी, भारतीय न्याय संहितेचं कलम ३०८. पैसे देऊ नका, उत्तर देऊ नका, मेल हेडरसकट (तो कुठून आला याची त्यातली तांत्रिक नोंद) जपून ठेवा, केंद्र सरकारच्या सायबर गुन्ह्यांच्या पोर्टलवर किंवा जवळच्या सायबर पोलीस ठाण्यात तक्रार द्या, आणि तीच कागदं स्टोअरलाही पाठवा.

याचीच सावत्र भावंडं म्हणजे "शंभर पाच-तारे इतक्या रुपयांत" विकणारे. आणि त्यांचं सौम्य रूप म्हणजे अदलाबदलीचे ग्रुप. गूगल प्लेवर १३ नोव्हेंबर २०२३ नंतर उघडलेल्या वैयक्तिक खात्यांना ॲप सर्वांसाठी खुलं करण्याआधी १२ परीक्षकांकडून सलग १४ दिवस चाचणी करून घ्यावी लागते (आधी ही संख्या २० होती). त्यासाठी लोक अशा ग्रुपमध्ये शिरतात, आणि चाचणी संपली की "तू माझ्या ॲपला पाच दे, मी तुझ्या" सुरू होतं. चाचणीपुरते जा, पुढे बाहेर पडा. खोट्या वाईट रिव्ह्यूची तक्रार करायची असेल तर आपल्या दारात खोटे चांगले रिव्ह्यू पडलेले नकोत.

७. कायद्याची वाट

"बदनामीचा दावा ठोकतो" हे आपल्याकडे पटकन तोंडात येतं. भारतीय न्याय संहितेत १ जुलै २०२४ पासून बदनामीचं कलम ३५६ आहे. साधी कैद दोन वर्षांपर्यंत, दंड, दोन्ही किंवा समाजसेवा. पण त्याला अपवादही आहेत: लोकहितासाठी सांगितलेलं सत्य, प्रामाणिकपणे दिलेलं मत. "ॲप बकवास आहे" हे मत झालं. "या माणसाने माझ्या खात्यातून पैसे काढले" हे विधान झालं, आणि ते खोटं व गंभीर असेल तरच वकिलाकडे जाण्यात अर्थ. त्याआधी प्लॅटफॉर्मच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करता येते. २०२१ च्या आयटी नियमांनुसार त्याने २४ तासांत पोच द्यायची आणि ठरलेल्या मुदतीत निपटारा करायचा असतो. भारतीय मानक ब्युरोचं ऑनलाइन रिव्ह्यूंसाठीचं मानकही आहे, आयएस १९०००:२०२२, पण ते ऐच्छिक. त्याचा हवाला देऊन रिव्ह्यू निघत नाही.

तुमचं सॉफ्टवेअर अमेरिकेत विकलं जात असेल तर अटींमध्ये "वाईट रिव्ह्यू लिहिणार नाही" असं कलम घालू नका. तिथल्या २०१६ च्या कायद्याने असं कलम निरर्थक ठरतं.

आणि उत्तरात कायद्याची धमकी कधीही नको. तिचा स्क्रीनशॉट रिव्ह्यूपेक्षा लांब जातो.

८. पडलेलं रेटिंग वर कसं येतं

आधी हिशोब. समजा ४० जणांनी रेटिंग दिलंय, सरासरी ४.६. त्यात पाच एक-तारे आले की साधी सरासरी होते ४.२. परत ४.६ वर यायला पाच-ताऱ्यांची ४५ रेटिंग्ज लागतात. पाचाला पंचेचाळीस! नव्या ॲपला एकेक खोटा रिव्ह्यू का झोंबतो ते यावरून कळेल. दिलासा एवढाच की गूगल प्ले २०१९ पासून अलीकडच्या रेटिंगला जास्त वजन देतं, त्यामुळे जुनी पडझड हळूहळू पुसट होते. ॲपलवर नवी आवृत्ती देताना एकूण रेटिंग शून्यापासून सुरू करायचा पर्याय असतो. त्यात चांगलं रेटिंगही जातं, म्हणून मोठी दुरुस्ती झाल्याशिवाय तो वापरू नका.

ती पंचेचाळीस रेटिंग्ज मागायची मात्र रीतीने. गूगलने २०२० मध्ये ॲपमध्येच रेटिंगचं कार्ड दाखवायची सोय दिली. ते कार्ड दाखवण्याआधी "ॲप आवडलं का?" असं विचारून "हो" म्हणणाऱ्यालाच स्टोअरकडे आणि "नाही" म्हणणाऱ्याला मेलकडे वळवायची युक्ती सगळीकडे दिसते. ती करू नका. कार्डाआधी असा प्रश्न विचारायचा नाही असं गूगलच्या सूचनांमध्येच आहे. कार्ड वारंवार दिसत नाही, त्याचा कोटा असतो. ॲपलकडे ही विनंती वर्षात तीनदाच दिसते. म्हणून वेळ नेमकी निवडा. मी महिन्याचं बिल तयार होऊन व्हॉट्सॲपवर गेल्यानंतरची निवडली. तेव्हा गवळी खूश असतो, पैसे येणार असतात. पूर्वी ॲप उघडताच मागायचो, पहाटे, हातात किटली असताना. तेव्हाचे तारे आठवायला नकोत.

शिवाय तक्रारीला जवळची वाट द्या. "मदत" हे बटण मी सेटिंगमधून काढून पहिल्या पानावर आणलं, आणि पहिल्यांदा ॲप उघडताना एकच ओळ टाकली: "हिशोब या फोनमध्येच राहतो. फोन बदलण्याआधी बॅकअप घ्या." त्याखाली बटण. ज्या गोष्टी लोक एक ताऱ्यात लिहायचे त्या आता मला निरोपात येतात, बऱ्याचदा आवाजी, मागे म्हशी ओरडत असतात.

खाड्यांवाल्याचा जुना फोन मुलाकडे होता. त्याने चार दिवसांनी "मदत"वरून विचारलं, बॅकअप घेतला, खाडे आले. आठवड्याने रिव्ह्यू बदलला, तीन तारे:

"खाडे भेटले. पण खाली जाहिरात लय येते."

ते मात्र खरं आहे.